तेल पाण्याला घाबरत नाही

माझ्या नावाने आजवर एकच पत्र आले, आणि त्याचे उत्तर मी दिले नाही.

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बाटली आहे. बाटलीला कोणी पत्र लिहील हे तुम्हाला खरे वाटणार नाही. मलाही वाटले नव्हते. पण ते पत्र अजून माझ्या बुडाखाली आहे. घडी विरली आहे, कडा पिवळ्या पडल्या आहेत. वरच्या घडीवर 'प्रिय बाटलीमावशी' एवढे तीन इंचांचे मायेचे शब्द दिसतात. मला गोष्ट रंगवून सांगता येत नाही. सांगताना माझे कुठेतरी चुकेल अशी धाकधूक सारखी वाटते. तरी आत जे साठले आहे ते जमेल तसे ओतते.

माझा जन्म काचेच्या भट्टीत झाला. लांब नळीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा लाल गोळा घेऊन एक कारागीर गाल फुगवून फुंकत होता. नेमका तेव्हा त्याला ठसका लागला आणि माझ्या खांद्यात हवेचा एक बुडबुडा कायमचा अडकून बसला. "ही गेली कामातून," तो म्हणाला. माणसाने माझ्याबद्दल काढलेले ते पहिले शब्द. माझ्या बहिणी दवाखान्यांत आणि अत्तराच्या दुकानांत गेल्या. मी खोट असलेल्या मालाच्या ढिगात पडले आणि तिथून एका शाळेच्या प्रयोगशाळेत आले.

तिथल्या विज्ञानाच्या सरांना मुले 'पुटपुटे सर' म्हणत. सर पुस्तकातला किडा होते. वर्गात शिरताना जणू दुसऱ्याच्या घरात शिरतोय असे शिरत. मुलांकडे न बघता फळ्याशी बोलत, फळा भरला की माझ्याशी बोलत. त्यांनी मला धुतले, पुसले, माझ्यात अर्ध्यापर्यंत पाणी भरले, पाण्यात निळ्या शाईचा थेंब टाकला, वर गोडेतेल ओतले आणि बूच बसवून त्यावर मेण लावले. तेव्हापासून माझ्या पोटात खाली निळे पाणी आणि वर पिवळे तेल असे दोन भाडेकरू राहू लागले.

दरवर्षी एका ठरावीक तासाला सर मला उचलून खळखळून हलवत. तेलाचे हजारो थेंब होऊन पाण्यात विखरत. मुले डोळे बारीक करून बघत. हळूहळू थेंबाला थेंब मिळे, मोठा थेंब आणखी मोठा होई, आणि थोड्या वेळाने दोघे पुन्हा आपापल्या जागी.

"असं का होतं?" सर फळ्याला विचारत आणि स्वतःच उत्तर देत, "तेल पाण्याला घाबरतं."

पहिल्या वर्षी हे वाक्य त्यांच्या तोंडून सहज निसटले होते. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडले, "भित्रं तेल!" आणि सगळा वर्ग हसला. सरांना नव्हे, सरांबरोबर हसला. असे त्यांच्या आयुष्यात क्वचितच घडले असावे, कारण त्यांचे कान आनंदाने लाल झाले. मग दरवर्षी त्यांनी तेच वाक्य म्हटले. दरवर्षी वर्ग हसला.

मित्रांनो, ते वाक्य खरे नव्हते. मी आतून पाहत आले आहे, म्हणून सांगते. माझ्या पोटात तेल आणि पाणी एकमेकांना अगदी लागून राहतात. त्यांच्यामध्ये मी कधी केसाएवढीही फट पाहिली नाही. घाबरणारा असा खेटून बसेल का?

खरी गोष्ट पाण्याची आहे. पाण्याचा प्रत्येक कण शेजारच्या कणांचे हात धरून असतो, सोडतो, दुसऱ्याचे धरतो. त्यांची अखंड धरसोड चालू असते आणि तीच त्यांची मोकळीक. तेलाच्या कणाला असा धरण्याजोगा हातच नाही. तो मध्ये आला, की भोवतीच्या पाण्याला आपले हात वाया जाऊ नयेत म्हणून अवघडून, शिस्तीत, त्याच्याभोवती कडे करून उभे राहावे लागते. जितके तेलकण सुटे, तितके पाणी अवघडलेले. ते सगळे एका जागी गोळा झाले, की कड्यातले बरेचसे पाणी सुटते आणि पुन्हा हवे त्याचे हात धरू लागते. म्हणून थेंबाला थेंब मिळतो. तेल घाबरत नाही, पाणी हाकलत नाही, कोणी कोणाचा द्वेष करत नाही. पाण्याला आपल्या माणसांत मोकळे राहायचे असते आणि त्यात तेल एका कोपऱ्यात गोळा होते, इतकेच. वर येते ते पाण्याहून हलके म्हणून. ती बाब वेगळी.

हे सगळे सरांच्या जाड पुस्तकांत होते. त्यांनी ते वाचलेही होते. पण ते सांगितले असते तर वर्ग हसला नसता.

एका वर्षीच्या वर्गात एक मुलगी होती. ती प्रत्येक गोष्टीला "का?" विचारी, एकदा विचारून भागले नाही तर पुन्हा "का?" विचारी, म्हणून मुलांनी तिचे नाव 'काका' ठेवले होते. दोन वेण्या घातलेली काका. तिला त्याचे काही वाटत नसे. ती हाकेला ओ देई.

"सर, थिनर पण पाण्याला घाबरतो का?" तिने त्या तासाला विचारले.

"थिनर? हो. तो तेलाचाच भाऊ समज," सर माझ्याकडे बघत पुटपुटले.

त्याच आठवड्यात भाषेच्या बाई रजेवर गेल्या आणि त्यांचा तास सरांच्या गळ्यात पडला. काय शिकवावे हे न सुचून त्यांनी मुलांना शाळेतल्या एखाद्या वस्तूला पत्र लिहायला सांगितले. कोणी घंटेला लिहिले, कोणी फळ्याला. बहुतेकांनी छडीला लिहिले आणि तिला लवकर मोडून पडण्याचा आशीर्वाद दिला. एक पत्र मला आले. ते मी तुम्हाला जसेच्या तसे सांगते.

'प्रिय बाटलीमावशी, शि. सा. न. वि. वि. सर म्हणाले तेल पाण्याला घाबरते. माझे बाबा बुट चिकटवतात. त्यांच्या हाताचा थिनरचा वास साबणाने पण जात नाहि. आता त्यांच्या बोटांना मूंग्या येतात. म्हणजे थिनर आत गेला आहे. म्हणून मी त्यांना रोज खूप पाणि पाजते. म्हणजे तो घाबरुन बाहेर पळेल. पण अजून पळाला नाहि. किती पाणि पाजू? तुझ्या पोटात दोघे राहतात म्हणून तुला माहित असेल. लवकर उत्तर पाठव. तुझी लाडकी काका.'

सरांनी लाल शाईचे पेन काढले. 'बुट'चा उकार दीर्घ केला, 'मूंग्या'चा ऱ्हस्व केला. 'नाहि', 'पाणि', 'घाबरुन', 'माहित' यांच्याखाली रेघा ओढल्या. खाली लिहिले : 'कल्पना छान. ऱ्हस्व-दीर्घ सुधारा.' सगळ्या वर्गात हेच पत्र त्यांना आवडले होते, म्हणून त्यांनी ते कौतुकाने माझ्याखाली ठेवले.

दुसऱ्या दिवशी काका टेबलाशी आली. तिने पत्र उलटून पाहिले, सुलटून पाहिले.

"सर, उत्तर?"

"अगं, बाटल्या उत्तर देतात होय?" सर म्हणाले. त्यांना वाटले, आपण विनोद केला. ती हसली नाही.

मला मात्र उत्तर ठाऊक होते. बुचावर मेण होते आणि मेणाखाली मी गप्प होते.

पुढे शाळेत विज्ञानाचे प्रदर्शन भरले. आमचा प्रयोग करून दाखवायला सरांनी काकाला निवडले आणि सरावासाठी मला तिच्या घरी पाठवले. शाळेत होते तोवर मी बाहेर पडले ती तेवढी एकदाच.

एकच खोली, तिला एक मोरी, एक खिडकी. काकाने मला फळीवर डब्यांच्या रांगेत बसवले. संध्याकाळी तिचे बाबा आणि मामा कामावरून आले. दोघे एकाच कारखान्यात बुटांचे तळ चिकटवत. तिथे चिकटवायच्या गोंदाला सोल्यूशन म्हणत. सोल्यूशन ब्रशने लावायचे, जरा सुकू द्यायचे, तळ दाबायचा. हाताला लागलेले सोल्यूशन पाण्याने निघत नाही, म्हणून थिनरच्या बोळ्याने हात पुसायचे. खिडकी उघडली की धूळ उडून ओल्या सोल्यूशनवर बसते, म्हणून मालकाने खिडक्या खिळे ठोकून बंद केल्या होत्या. हे सगळे मला त्यांच्या बोलण्यातून कळले. बाकीचे वासाने सांगितले.

बाबा शर्टाच्या गुंड्यांशी झटापट करत होते. बोटे गुंडीवर होती, पण बोटांना गुंडी सापडत नव्हती.

"सरका," काकाची आई म्हणाली आणि तिने लहान मुलाच्या काढाव्यात तशा त्यांच्या गुंड्या काढल्या. "आणि एक चप्पल कुठाय?"

बाबांनी खाली पाहिले. एक पाय अनवाणी होता. "पडली वाटतं वाटेत."

"पडली आणि कळलं नाही तुम्हाला?"

"दुसऱ्यांच्या पायात घट्ट बसवतो, आपलीच पळून जाते. काय करणार, तिलाही माझा कंटाळा आला असेल."

"दाजी, उद्या पायच विसरून याल," मामा म्हणाला आणि चप्पल शोधायला निघून गेला. जाताना मात्र त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हते.

काका तांब्या घेऊन पुढे आली. "बाबा, पाणी."

"आलं आपलं औषध! अगं काका, आत्ताच तर तांब्याभर प्यालो. पोटात बेडूक होतील माझ्या."

"प्या गुपचूप," आई म्हणाली. "पोर शिकून आलीय. तुमच्या त्या डॉक्टरपेक्षा बरी. त्यानं ताकदीच्या गोळ्या दिल्या, पण काम काय करता म्हणून विचारलं तरी का?"

"सर म्हणालेत बाबा. तेल पाण्याला घाबरतं. थिनर त्याचा भाऊ आहे." काकाने मला फळीवरून काढले, खळखळून हलवले आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धरले. "बघा. बघा कसं पळतंय."

बाबांनी माझ्याकडे पाहिले. थेंबाला थेंब मिळत होता. "पळतंय खरं," ते म्हणाले आणि तांब्या तोंडाला लावला. तांब्या धरायला त्यांना दोन्ही हात लागत होते.

मित्रांनो, त्या क्षणी मी तडकून फुटले असते तर बरे झाले असते. मला सांगायचे होते, की पोरी, पळत नाही गं ते. पाण्यातून निघून तेल जाते कुठे? जिथे आणखी तेल असेल तिथे. थिनर कातडीच्या स्निग्ध थरातून झिरपतो, श्वासाबरोबर छातीत उतरतो. शरीरात रक्ताचे पाणी आहे, पण त्याला पाण्यात जागा नाही. तो चरबीच्या आसऱ्याला जातो. शरीराच्या अगदी लहान लहान घरांच्या, म्हणजे पेशींच्या, भिंतीसुद्धा अशाच स्निग्ध कणांच्या आहेत. पाण्यात ते आपोआप एकमेकांना बिलगतात, म्हणून तर त्या भिंती उभ्या आहेत. ज्या नियमाने घर उभे राहते, त्याच नियमाने हा चोर भिंतीतून आत शिरतो. पुढे शरीरात त्याचे रूप बदलते आणि ते रूप नसांना मारते. आधी बोटांच्या आणि पावलांच्या टोकांना. तांब्यामागून तांबे पाजले तरी त्याला हात धरून बाहेर काढणारे पाणी नाही. त्या खिळे ठोकलेल्या खोलीतून माणसालाच बाहेर काढायला हवे.

पण मी बाटली. थेंब गोळा झाले, मी शांत दिसू लागले आणि काकाने मला परत फळीवर ठेवले.

प्रदर्शनात आम्हाला बक्षीस मिळाले. सरांनी माझ्या मानेला लाल फीत बांधली. आयुष्यात माझे कौतुक झाले ते तेवढेच आणि ते कशाबद्दल झाले हे मला माहीत आहे.

थंडीच्या दिवसांत काकाचे बाबा शाळेत आले. आले म्हणजे मामाने त्यांना पाठीवर आणले. त्यांची पावले पुढे लोंबत होती, जशी दोरीला लावलेली बुटांची जोडी लोंबते. काकाचा शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. कारखान्याने बाबांना घरी बसवले होते आणि सगळे दुसऱ्या गावी जाणार होते. मामाने त्यांना प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसवले. आई आणि काका दारात उभ्या राहिल्या.

"सर, पोरगी तुमचं फार नाव काढते हो," बाबा म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, उलट आदरच होता. "तुम्ही सांगितलं तसं भरपूर पाणी प्यालो. एक दिवस चुकवला नाही. पण सर, तुमचं तेल काही घाबरलं नाही."

 सरांचा हात माझ्याकडे आला, मला धरल्यासारखे केले आणि मागे गेला. मामाने बाबांना पुन्हा पाठीवर घेतले. काकाने जाताना मला बोट लावून पाहिले.

सगळे गेल्यावर सरांनी माझ्याखालून पत्र काढले. या वेळी पेन न घेता वाचले. मग खुर्चीत बसून राहिले. शिपाई खोली बंद करायला आला, तेव्हा त्याला दोनदा हाक मारावी लागली.

त्यानंतर सरांनी ते वाक्य वर्गात कधी म्हटले नाही. ते मुलांना हात धरून कडे करायला लावत आणि तेल-पाण्याची खरी गोष्ट अडखळत समजावून सांगत. कोणी हसत नसे. पण पत्राचे उत्तर त्यांना जमेना. 'चि. काका हिस' एवढे लिहीत, मग 'हिस' की 'हीस' म्हणून शब्दकोश काढत. एक वाक्य लिहीत आणि वाटे, हे वाचून तिला आणखी लागेल. दुसरे लिहीत आणि वाटे, हे आपण स्वतःला वाचवायला लिहितो आहोत. कागद फाडत. पत्ता माहीत नाही, हेही एक बरे कारण सापडले होते. विचारला असता तर दहा जणांनी सांगितला असता.

वर्षे गेली. प्रयोगशाळेत नवी कपाटे आली आणि मी रद्दीच्या खोक्यात गेले. धूळ बसली, मेणाला चिरा गेल्या, तेल खवट आणि तांबूस झाले. सर निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी निरोपाचा हार तिथेच खुर्चीवर ठेवला आणि खोक्यातून मला काढून पत्रासह घरी नेले. तेव्हापासून मी त्यांच्या खिडकीतल्या टेबलावर आहे. खाली पत्र, समोर रस्ता, रस्त्यापलीकडे टपालपेटी.

परवा सरांचा बूट फाटला. कोपऱ्यावर बसणाऱ्या कारागिराकडे त्यांनी तो टाकला आणि दुपारी तो कारागीर स्वतःच बूट द्यायला घरी आला. त्याने दारातून मला पाहिले आणि तो थबकला.

"अरे! ही तर आमच्या काकाची बाटली!"

तो मामा होता. केस पिकले होते, पण आवाज तोच. सरांनीही ओळखले, कारण ते उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले.

"तुम्ही... इथे कसे?"

"दाजी गेल्यावर परत आलो सर. आता उघड्यावर बसून शिवतो. सोल्यूशनला हात लावत नाही. शिवणीचा बूट जास्त टिकतो बघा, हे शिलाईचं काम आहे, सुटणार नाही."

"गेले? कधी?"

"झाली दोन वर्षं. पाय गेले ते गेलेच, मग माणूस अंथरुणालाच चिकटला. छातीत कफ भरला. हसत होता मात्र. म्हणायचा, मला पण तळासारखा दाबून बसवलाय."

सरांनी चष्मा काढून हातात धरला. "आणि... ती?"

"काका? मोठी झाली की! घर तीच चालवते. तिकडच्या कारखान्यात बूट चिकटवायलाच बसते, बापाची कला हातात आहे ना. मी म्हणालो, बाई, नको. तर म्हणते, मामा, बाबांनी पाणी उशिरा सुरू केलं, मी पहिल्या दिवसापासून पिते. हुशार आहे. आता जरा बोटं बधिर होतात म्हणते सकाळी. पण बाटली भरून शेजारी ठेवते, दिवसभर पिते."

सरांनी चष्मा परत डोळ्यांना लावला. 

"तिला सांगा," सर म्हणाले. "तिला सांगा, पाण्याने... म्हणजे ते घाबरत नाही, ते..." त्यांचे शब्द एकात एक अडकले. हात हवेत कडे करू लागले.

मामाने बूट खाली ठेवला. "सर, मला हे तेल-पाण्याचं सांगता यायचं नाही. आणि माझं ती ऐकणारही नाही. तुम्हीच लिहा. तुमचं ऐकेल. आजवर तुमचंच तर ऐकत आलीय."

त्याने पत्ता सांगितला. सरांनी तो लिहून घेतला आणि मामा गेल्यावर कागद ओढला. शब्दकोश शेल्फातच राहिला. मी त्यांच्या हाताशीच होते, म्हणून लिहिलेले सगळे वाचले.

'प्रिय काका, तू बाटलीला पत्र लिहिले होतेस. त्याचे उत्तर देत आहे. तेल पाण्याला घाबरत नाही. मी वर्गात चुकीचे सांगितले. थिनरही घाबरत नाही आणि कितीही पाणि प्यालीस तरी तो बाहेर पडणार नाही. तुझ्या बाबांनी पाणी उशिरा सुरू केले नव्हते. पाणी हे त्यावरचे औषधच नव्हते. तुझी बोटे बधिर होत आहेत, म्हणजे तो नसांपर्यंत पोहोचला आहे. उद्या त्या खोलीत जाऊ नकोस. थिनरने हात पुसू नकोस. मोठ्या दवाखान्यात जा आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपले काम काय ते आधी सांग. लवकर थांबलीस तर नसा हळूहळू सुधारतात. थांबली नाहीस तर काय होते ते तू पाहिले आहेस. मामा शिवणीचे काम शिकवेल. बसायला जागा लागली तर माझ्या घराचा ओटा आहे. तुझे पत्र मी तपासले, वाचले नाही. तुझे सर.'

त्यांनी ते एकदाच वाचले. 'पाणि' या शब्दापाशी त्यांचा हात थांबला. पेनाचे टोक त्या वेलांटीवर क्षणभर टेकले. मग त्यांनी पेन बाजूला ठेवले आणि कागदाची घडी घालून ती पाकिटात सरकवली.

मित्रांनो, मला आता फारसे आयुष्य नाही. बूच सैल झाले आहे, पाणी उडत चालले आहे. एवढेच मागते : कोणी तुम्हाला "का?" विचारले, तर त्याला हसवणारे उत्तर देऊ नका, खरे द्या. नसेल येत तर येत नाही म्हणा. आणि ज्यांच्या हातांना न जाणारा वास येतो, त्यांची खिडकी उघडली आहे का ते बघा.

सर बूट न घालताच खाली उतरले. काठी घेतलेली, शर्टाची गुंडी वरखाली लागलेली. रस्त्यात एका सायकलवाल्याने त्यांना काहीतरी सुनावले. ते टपालपेटीपाशी पोहोचले, पाकिटावरचा पत्ता पुन्हा वाचला आणि हात फटीत घातला. बराच वेळ हात तिथेच होता.

मग तो रिकामा बाहेर आला.